आधी ओळख, मग औषध

(ग्रामदैवताच्या मंदिर-जीर्णोद्धारानिमित्त ग्रामस्थांपुढे झालेले व्याख्यान)



ग्रामदैवताच्या मंदिराचे काम पुरे झाले, कळस चढला आणि त्या निमित्ताने सारा गाव एका मांडवाखाली बसला आहे. अशा प्रसंगी देवाधर्माच्या चार गोष्टी व्हाव्यात ही रीतच आहे. परंतु या मंदिराच्या प्रत्येक दगडामागे शेतातला दाणा उभा आहे. कोणी पायलीभर ज्वारी दिली, कोणी उसाच्या बिलातून वर्गणी वळती केली, कोणी भुईमुगाच्या शेंगांचे पोते आणून मंडपात ठेवले. ज्या शेताने देऊळ उभे केले, त्या शेताच्या एका वैऱ्याविषयी देवळाच्या अंगणात दोन शब्द बोलले गेले तर ते अस्थानी ठरू नये.

हा वैरी म्हणजे भुंगेरा. त्याच्याविषयी सांगण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे, ती ही की, त्याला मारण्याआधी ओळखावे. भुंगेऱ्यांच्या कुळात वैरी आहेत तसे मित्रही आहेत, आणि दोघांचे रूप पुष्कळदा सारखे दिसते. ओळख चुकली की पैसा जातो, पीक जाते आणि आपल्या हातून आपलाच राखणदार मारला जातो.

जीर्णोद्धाराचे काम ज्यांनी जवळून पाहिले त्यांना हे निराळे सांगावयास नको. जुन्या मंडपाची तुळई खाली उतरवली म्हणजे जाणता सुतार तिला लगेच औषध चोपडत नाही. तो प्रथम ती ठोकून पाहतो. लाकडाच्या आत मातीचे थर आणि मातीने लिंपलेल्या वाटा दिसल्या तर ती वाळवी. बारीक, गोल, टाचणीने पाडावीत तशी छिद्रे आणि त्यांतून झरणारा पिठासारखा भुसा दिसला तर तो घुण. वाळवी जमिनीतून वर चढते, म्हणून तिचा बंदोबस्त पायात करावा लागतो. घुण लाकडातच जन्मतो, म्हणून त्याचा बंदोबस्त लाकडात करावा लागतो. हा घुण भुंगेऱ्यांच्याच कुळातला आहे.

या घुणावरून संस्कृतात एक न्यायच पडला आहे, घुणाक्षरन्याय. घुण लाकूड कोरीत जातो आणि कोरता कोरता एखादे वेळी अक्षरासारखी आकृती उमटते. त्या किड्याला अक्षर येत नसते, ते योगायोगाने उमटते. शेतातली पुष्कळशी औषधे आज याच न्यायाने पडत आहेत. दुकानाच्या फळीपुढे उभा राहून शेतकरी म्हणतो, "शेठ, ऊस वाळाय लागलाय, काय तरी जालीम द्या." दुकानदार विचारतो, "किती एकर हाय, अण्णा?" उसाला काय लागले आहे हे कोणी विचारीत नाही, किती एकर आहे हे मात्र विचारले जाते. अशा औषधाने गुण आला तर ते घुणाचे अक्षर समजावे.

आता भुंगेरा म्हणजे काय ते पाहू. त्याची पहिली खूण पाठीवर असते. भुंगेऱ्याच्या पुढच्या दोन पंखांची टणक कवचे झालेली असतात. ती मिटली म्हणजे पाठीच्या मधोमध एक सरळ रेघ दिसते. उडावयाचे पातळ पंख त्या कवचांखाली घडी घालून ठेवलेले असतात. ढेकणाच्या जातीच्या किडींचे पंख पाठीवर एकमेकांवर तिरपे पडतात आणि त्यांना रस शोषणारी सोंड असते. भुंगेऱ्याला चावण्याचे जबडे असतात. म्हणून कुरतडलेले पान दिसले तर भुंगेरा किंवा अळी असण्याचा संभव, आणि पान न कुरतडता नुसते पिवळे वा आकसलेले दिसले तर रस शोषणाऱ्या किडीचा संभव. एवढे जाणले तरी निम्मी चूक टळते.

येथे शब्दाचाही एक घोटाळा आहे. संतवाङ्मयात लाकूड कोरणारा आणि कमळात अडकणारा जो भ्रमर येतो, त्याला मराठीत भुंगाच म्हणतात. परंतु लाकूड कोरणारा तो काळाभोर, गुणगुणणारा भुंगा मधमाशीच्या कुळातला आहे. तो फुलाफुलांवर पराग नेतो आणि फळधारणेला हातभार लावतो. तेव्हा "भुंगा दिसला, फवारा मार" असे म्हणणे म्हणजे नावावरून माणसाला शिक्षा देण्यासारखे आहे.

जगात भुंगेऱ्यांच्या सुमारे साडेतीन ते चार लाख जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांत पिकांचे वैरी थोडे. शेणाची गोळी ढकलणारा भुंगेरा शेण जमिनीत पुरतो. रात्री चमकणारा काजवासुद्धा भुंगेराच आहे, आणि त्याची अळी गोगलगायी खाते. प्रत्येक भुंगेऱ्याला अंडे, अळी, कोष आणि पूर्ण वाढलेला भुंगेरा अशा चार अवस्था असतात. पीक काही वेळा भुंगेरा खातो, काही वेळा त्याची अळी, काही वेळा दोन्ही. म्हणून भुंगेरा ओळखला आणि त्याची अळी ओळखली नाही, तर ओळख अर्धीच राहिली.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला सर्वांत महाग पडणारी भुंगेऱ्याची अळी म्हणजे हुमणी. विदर्भात तिला उन्नी म्हणतात. पांढरी, मऊ, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तांबूस-तपकिरी डोक्याची ही अळी जमिनीत राहून मुळे खाते. ऊस, भुईमूग, सोयाबीन, ज्वारी, मिरची, हळद यांपैकी काहीच तिला वर्ज्य नाही. ती दृष्टीआड काम करते, म्हणून पहिला आरोप दुसऱ्यावरच येतो. पाने पिवळी पडली की पाणी कमी पडले असे म्हणतात आणि एक पाळी जास्त देतात. मग खत कमी पडले म्हणून युरियाचे पोते फोडतात. शेवटी वाळवी लागली असे ठरते. तोवर हुमणी तिसऱ्या अवस्थेला पोचलेली असते आणि मुळ्या संपत आलेल्या असतात.

याची परीक्षा सोपी आहे. वाळू लागलेले उसाचे बेट दोन्ही हातांनी धरून ओढावे. हुमणीने मुळ्या खाल्ल्या असतील तर ते फारसे जोर न लावता उपटून येते आणि खाली मुळ्यांचे नुसते खुंट दिसतात. त्याच जागी वीतभर उकरले की अळी सापडते. वाळवी असेल तर कांडे आतून पोकळ होऊन मातीने भरलेले दिसते. भुईमुगाचे झाड वाळले असेल तर त्याची मान पाहावी. जमिनीलगतचा भाग कुजून त्यावर काळी भुकटी धरली असेल तर तो बुरशीचा रोग होय, तेथे किडीचे औषध टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. मान शाबूत असून सोटमूळच कुरतडलेले असेल तर हुमणीचा संशय घ्यावा. हुमणीचे नुकसान शेतात ठिगळाठिगळाने दिसते, सबंध वावर एकदम पिवळे पडत नाही, हीही एक खूण आहे.

आता दुसऱ्या बाजूची चूक पाहा. उकिरड्याचे खत शेतात पसरताना त्यात मोठाल्या पांढऱ्या अळ्या निघतात. "खतातनं हुमणी आली" असे म्हणून कित्येक जण खतावरच विष ओततात. उकिरड्यातली प्रत्येक अळी हुमणी नसते. त्यात दोन पाहुणे नेहमीचे. एक गेंड्या भुंगेऱ्याची अळी. ती हुमणीपेक्षा पुष्कळ मोठी, अंगठ्याएवढी जाड होते आणि कुजलेले शेण, पालापाचोळा, कुजके लाकूड खाऊन वाढते. तिच्यापासून उसाला भय नाही. पुढे तिचा काळा, डोक्यावर शिंग असलेला भुंगेरा होतो, तो नारळाचा शत्रू. दुसरी अळी फुलांवर बसणाऱ्या भुंगेऱ्यांची. तीही कुजलेल्यावरच जगते आणि शेण बारीक करून खत लवकर मुरवते.

यांतला भेद ओळखण्यास भिंग असले तर उत्तम, नसले तरी चालते. अळी कठीण, सपाट जागेवर ठेवावी. जी उताणी होऊन, पाय आभाळाकडे करून पाठीवर सरकत चालू लागते, ती फुलांवरच्या भुंगेऱ्याची अळी, तिला खतात परत सोडावी. हुमणी पाठीवर चालत नाही, ती कुशीवर वळून पडते. नंतर अळीचे शेपटाकडचे टोक पाहावे. हुमणीच्या गुदाची फट तीन फाट्यांची, इंग्रजी वाय अक्षरासारखी असते. गेंड्या भुंगेऱ्याच्या अळीची फट आडवी असते. त्याच जागी बारीक केसांची जी रांगोळी असते, तिच्या मांडणीवरून शास्त्रज्ञ हुमणीची नेमकी जात सांगतात. एवढी बारीक पाहणी प्रत्येकाने करावी असे नाही, पण परीक्षा होऊ शकते हे ठाऊक असले म्हणजे अंदाजावर विसंबण्याची गरज उरत नाही.

हुमणीची जात कळण्याने काय फरक पडतो, असे कोणी विचारील. फार मोठा फरक पडतो. महाराष्ट्रात हुमणीच्या दोन जाती प्रमुख आहेत. एक माळरानाची, तिचे शास्त्रीय नाव होलोट्रायकिया सेराटा. दुसरी कोल्हापूर, सांगली, सातारा भागातल्या नदीकाठच्या जमिनीतली, तिचे नाव ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. माळावरच्या जातीचे भुंगेरे पहिला चांगला वळीव किंवा मृगाचा पाऊस पडला की तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर येतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या झाडांवर जमतात. तेथे त्यांचे मीलन होते, ते पाला खातात आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत शिरतात. नदीकाठच्या जातीचा भुंगेरा झाडावर असा पाला खात बसत नाही. तो संध्याकाळी थोडाच वेळ बाहेर येतो आणि पुन्हा जमिनीत जातो. तेव्हा नदीकाठच्या शेतकऱ्याने नुसत्या कडुनिंबावर पहारा ठेवला तर त्याचा वैरी पायाखालून निसटतो. त्याने संध्याकाळी वावरातच उभे राहून, जमिनीतून निघणारे भुंगेरे तेथल्या तेथे वेचले पाहिजेत.

माळावरच्या हुमणीचा वर्षाचा क्रम असा आहे. पावसाळ्याच्या आरंभी भुंगेरे निघतात. एक मादी जमिनीत सुमारे पन्नास-साठ अंडी घालते. दहा-पंधरा दिवसांत अळ्या निघतात. आरंभी त्या कुजलेला पाला आणि तंतुमुळे खातात. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत अळी मोठी असते, आणि खरा संहार याच काळात होतो. पुढे ती जमिनीत कोषात जाते. कोषातून भुंगेरा होतो, पण तो बाहेर न येता पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसाची वाट पाहत मातीतच पडून राहतो. वर्षात पिढी एकच. याचा अर्थ असा की, वैरी स्वतः होऊन उघड्यावर येतो ते वळवाच्या पावसानंतरच्या मोजक्या संध्याकाळी, तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत. तेवढी संधी साधली तर एक मादी मारल्याने पन्नास अळ्या मारल्याचे श्रेय मिळते. संधी चुकली तर सप्टेंबरात जमिनीखालच्या जाड अळीशी झुंज आहे, आणि तेथे औषधही नीट पोचत नाही.

हे काम एकट्यादुकट्याचे नाही. एका शेतकऱ्याने आपल्या बांधावरची बाभूळ झाडून काढली आणि शेजाऱ्याने झाडली नाही, तर शेजारचे भुंगेरे पंखांनी येतात, त्यांना सातबाऱ्याच्या हद्दी कळत नाहीत. मंदिरासाठी गाव जसा वाडीवाडीने पाळ्या लावून राबला, तसाच वळवानंतरच्या आठ-दहा संध्याकाळी राबला पाहिजे. झाडाखाली ताडपत्री वा जुने लुगडे अंथरावे, आकडीने फांद्या हलवाव्यात, पडलेले भुंगेरे रॉकेल वा साबण मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकावेत. देवळापुढचे कडुनिंबही यातून सुटता कामा नये. दिव्याचा सापळा लावावयाचा तर तो संध्याकाळच्या दोन-तीन तासांपुरताच लावावा, कारण रात्रभर जळणारा दिवा मित्र-किडींनाही ओढून आणतो. पीक निघाल्यावर नांगरट खोल करावी. नांगरामागे चालणारे बगळे, कावळे आणि साळुंक्या वर आलेल्या अळ्या फुकट वेचून नेतात.

हुमणीला रोगी करणारी मेटारायझियम नावाची हिरवी बुरशीही मिळते. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी १८७९ साली गव्हावरच्या एका भुंगेऱ्याच्या अळ्यांवर तिचा अभ्यास केला होता. याच मेचनिकॉफ यांना पुढे १९०८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना ही बुरशी द्यावी. कोरड्या मातीत ती व्यर्थ जाते.

जुन्या मंडळींना बीएचसीची पांढरी पावडर आठवत असेल. हुमणीवर ती सर्रास धुरळली जाई. तिच्यावर १९९७ साली बंदी आली. फोरेटचे दाणेही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. ही विषे माणसाला, जनावराला आणि विहिरीच्या पाण्याला बाधणारी होती. म्हणून कपाटात जुना डबा सापडला तर तो "उपयोगी पडेल" म्हणून जपून ठेवू नये.

आता मित्र-वैऱ्यांच्या सारख्या रूपाविषयी. मावा पडलेल्या पिकावर तांबडा वा नारिंगी, गोल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा दिसतो. हा मित्र. तो आणि त्याची अळी, दोघेही मावा खातात. याच कुळात एक फितूर आहे, त्याचे नाव एपिलॅक्ना. वांगी, बटाटा, कारली यांची पाने तो खातो. दोघांचा आकार एक, रंग जवळजवळ एक, ठिपके दोघांनाही. मग भेद कसा करावा? मित्राची पाठ घासलेल्या पितळी भांड्यासारखी चकचकीत असते. एपिलॅक्नाची पाठ मळकट तांबूस आणि बारीक लवेने भरलेली असते. त्याच्या एका जातीवर अठ्ठावीसपर्यंत ठिपके असतात, तर मित्रांपैकी सुपरिचित जातीवर सातच असतात. मित्राची अळी काळपट-करडी, नारिंगी ठिपक्यांची, लांबट आणि चपळ असते. एपिलॅक्नाची अळी पिवळी आणि अंगभर फाट्याफाट्यांच्या काट्यांची असते. सर्वांत सोपी खूण पानावर असते. पान खरवडून त्याची जाळी झाली असेल तर एपिलॅक्ना. पान शाबूत असून त्यावर मावा असेल तर पाहुणा आपला आहे.

द्राक्षाच्या आणि सीताफळाच्या बागेत याहून मोठी फसगत होते. पिठ्या ढेकूण हा पांढऱ्या कापसासारख्या आवरणाचा वैरी. त्याला खाणारा क्रिप्टोलिमस नावाचा लहानसा काळसर भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याची अळीही पांढऱ्या कापसाने माखलेली असते. चोराला पकडण्यासाठी शिपायाने चोराचाच वेष घ्यावा तसा हा प्रकार! पिठ्या ढेकूण लहान आणि मंद असतो. क्रिप्टोलिमसची अळी त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब, मोठ्या झुपक्यांची आणि चालती-फिरती असते. काडीने हळूच डिवचून पाहावे. हे न पाहता फवारा घेतला की शिपाई मरतो आणि सालीच्या फटीत लपलेला चोर उरतो.

भुंगेऱ्याचा असा उपयोग होतो यावर ज्याचा विश्वास बसत नसेल त्याने अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची हकीकत लक्षात घ्यावी. तेथल्या संत्र्यामोसंब्यांच्या बागा एका खवले किडीने बुडत चालल्या होत्या. १८८८-८९ साली ऑस्ट्रेलियातून तांबडा ढालकिडा आणून सोडला आणि थोड्याच काळात त्या बागा सावरल्या.

आपल्या देशातलेच उदाहरण हवे असेल तर गाजरगवताच्या भुंगेऱ्याचे आहे. गाजरगवत, ज्याला खेड्यापाड्यांत काँग्रेस गवत म्हणतात, ते भारतात प्रथम पुण्यात १९५५ च्या सुमारास नोंदले गेले. ते खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८३ साली बंगलोरला आणला गेला आणि परीक्षा करून १९८४ पासून मोकळा सोडला गेला. डोके तपकिरी, पाठ मळकट पांढरी आणि तिच्यावर काळपट वेड्यावाकड्या रेघा, हे त्याचे रूप. पुढे १९९० नंतरच्या काळात तो कर्नाटकात सूर्यफुलावर आढळला आणि "परदेशी कीड पिकावर उलटली" असा गलका झाला. शास्त्रज्ञांनी बारकाईने पाहिले तेव्हा कळले की, सूर्यफुलाच्या पानांवर शेजारच्या गाजरगवताचे पराग पडले होते, आणि त्या वासाने तो तेथे तोंड घालीत होता. गलक्यावर विसंबून त्याचा नायनाट केला असता तर गाजरगवताला रान मोकळे झाले असते. पावसाळ्यात गाजरगवताच्या चाळण झालेल्या पानांवर हा भुंगेरा दिसला तर त्याला हात लावू नये.

काही भुंगेरे तर एकाच जन्मात दोन्ही पक्षांत असतात. तूर, भेंडी, मूग यांच्या फुलांवर काळ्या अंगाचे, नारिंगी-तांबड्या पट्ट्यांचे हिंगे येतात आणि फुले फस्त करतात. अंगावर चिरडले तर कातडीला फोड येतात, म्हणून ते उघड्या हाताने धरू नयेत. पण यांच्या अळ्या जमिनीत टोळांची आणि नाकतोड्यांची अंडी खातात. तेव्हा फुलोऱ्यात फार झाले तर जाळीने वा हातमोजे घालून वेचावेत, चारदोन दिसले म्हणून विषाची फवारणी करू नये.

सोयाबीनच्या शेतकऱ्याने चक्रीभुंगा ध्यानात ठेवावा. हिरव्यागार पिकात एखादीच फांदी किंवा पानाचा देठ वाळून लोंबताना दिसला की पाण्याचा ताण समजू नये. त्या देठावर खाली एक आणि वर एक अशी दोन चक्रे कोरलेली दिसतात. या दोन चक्रांच्या मध्ये मादी अंडे घालते आणि पुढे अळी खोड पोखरीत खाली उतरते. चक्रे दिसताच तो भाग चक्राच्या खालून तोडून नष्ट करावा. कोकणातल्या नारळवाल्याला दोन वैरी. नवी झावळी उलगडल्यावर कात्रीने पंख्यासारखी कातरलेली दिसली तर गेंड्या भुंगेरा. खोडाला भोक पडून त्यातून तांबूस चिकट रस आणि चघळलेला चोथा येत असेल तर सोंड्या भुंगा. पहिल्याचे ठाणे उकिरड्यात असते, दुसरा खोडाच्या आतच नांदतो. दोघांवर एकच उपाय चालणार नाही.

माताभगिनींच्या कणगीतही हेच शास्त्र लागू आहे. ज्वारी, गहू, तांदूळ यांत पुढे सोंड असलेला काळपट किडा म्हणजे सोंडा, तो अख्खा दाणा आतून पोकळ करतो. पिठात आणि चुरीत फिरणारा तांबूस भुंगेरा निराळा. त्याला फुटका दाणा लागतो, म्हणून धान्य चाळून चुरी काढली की त्याचे बळ कमी होते. तूर, मूग, चवळीच्या दाण्यावर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती कडधान्यातल्या भुंगेऱ्याची अंडी होत. ही कीड पुष्कळदा शेतातल्या शेंगांवरूनच घरी येते. म्हणून कडधान्य कडक उन्हात वाळवून लगेच बंद डब्यात भरावे. गोल खिडकी पडलेला दाणा दिसेपर्यंत थांबले तर उशीर झाला.

शेवटी कागदाची एक बाब. पीक बुडाले की पंचनामा होतो. पंचनाम्यात कारणाचा रकाना असतो. तेथे "रोग" लिहिले की "कीड", "वाळवी" लिहिले की "हुमणी", यावर पुढचा सल्ला आणि पुढची मदत अवलंबून राहते. पंच म्हणून सही करणाऱ्याने बांधावर उभे राहून सही करू नये. बेट उपटून, माती उकरून, अळी डोळ्यांनी पाहून मगच करावी. मूळ कागदावर चुकलेले कारण दहा टेबलांवरून फिरले तरी दुरुस्त होत नाही. ओळख पटत नसेल तर चारपाच अळ्या वा भुंगेरे झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात, त्याच शेताच्या ओलसर मातीसह आणि खाल्लेल्या मुळ्या-पानांसह घेऊन तालुका कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात जावे. पीक कोणते, किती दिवसांचे आणि शेत नदीकाठचे की माळाचे, हे चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकावे. दुकानात जाण्याआधी ही एक खेप करावी. एका फवारणीच्या खर्चापुढे एस.टी.चे भाडे काहीच नाही.

गावाने देऊळ बांधताना प्रत्येक दगड पारखून लावला. किडलेली तुळई ओळखून बाजूला काढली आणि चांगली होती ती पुन्हा चढवली. शेताच्या बाबतीत याहून निराळे काही करावयाचे नाही. येत्या वळवाच्या पहिल्या संध्याकाळी घरटी एक माणूस, एक ताडपत्री आणि एक बादली घेऊन आपापल्या आळीतल्या कडुनिंबाखाली उभा राहील, असा निश्चय या अंगणातून उठताना व्हावा. हातात आलेला प्रत्येक किडा आधी नीट पाहावा. वैरी असेल त्यालाच बादलीत टाकावे आणि मित्र असेल त्याला पानावर परत ठेवावे. ग्रामदैवत गावाला तेवढी पारख देवो, अशी प्रार्थना करून हे भाषण येथे पुरे होत आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.